वेढे

रोडेल दावावला कायमचा परत गेला,
जाताना गिटार मला चाळीस दिनारला देऊन गेला.
केस नव्हती. चादरीत गुंडाळून
टॅक्सीत आडवी घातली, सल्माबादपर्यंत.
ड्रायव्हर म्हणाला, पेशंटला कुठे उतरवायचं?

महोगनी.
मांडीवर घेतली की कळतं
हे लाकूड बोलतं थोडं, गिळतं फार.
सगळ्यात जाड तार बीपर्यंत सैल केली
की सूर चिखलातल्या म्हशीसारखा बसतो,
उठायचं नाव नाही.
फाधिल ड्रमच्या मागून ओरडतो,
वाजवतेयस की विचार करतेयस?

म्हणून पिकअप बदलायचे. गरम, दणकट आउटपुटचे.
मनामात जोडी पंचावन्न दिनार.
वर्कशॉपचं खातं मीच लिहिते,
पंचावन्न म्हणजे चिलरच्या दोन मोटरी,
वार्निश आणि मजुरीसकट.

बाबांनी जुना पिकअप उघडला,
मेण खरवडलं, भिंगाखाली धरला.
तांब्याची तार, लोखंड, चुंबक.
ही तर आपलीच गं. फक्त हिच्यात फिरत काही नाही.
वर तार थरथरते, मी म्हटलं, तिच्यावर वीज उठते.
हां. मग मोटर नव्हे, डायनॅमो.
एवढं बोलून चष्मा पुसला.
मला हे आठ वर्षं नीट सांगता आलं नव्हतं.

किती वेढे?
जास्तीत जास्त.
सगळी गिऱ्हाइकं हेच म्हणतात, ते म्हणाले.
वेढे वाढले की जोर वाढतो, खरं आहे,
पण धार जाते. तारच तारेची वाट अडवते.
तुझं लाकूड आधीच जड.
जडाला जड दिलंस, तर ऐकायला काय उरेल?

ऐकायला, असं ते म्हणाले.
डावा कान इचलकरंजीच्या मागांनी नेला,
उजव्यातलं बरंचसं इथल्या टेस्ट बेंचने.
मी काय वाजवते ते त्यांनी
फक्त माझ्या मानेकडे बघून ओळखलेलं.

शुक्रवार. शटर अर्धं खाली, बाहेर सेहेचाळीस.
त्रेचाळीस नंबरची तार, केसापेक्षा जेमतेम जाड,
माझ्या चिमटीतून काउंटरवर जाते.
तीन हजार एकशे बाराला तुटली.
बाबा काही बोलले नाहीत, बॉबिन रिकामी करून दिली.

चुंबक सिरॅमिकचंच हवं, यावर मी अडून राहिले.
अल्निको गोड असतं, चुकलेलं बोट झाकून घेतं.
मला झाकून नको होतं.

दुसरी कॉइल त्यांनी न विचारता उलटी गुंडाळली.
पन्नास सायकलची भणभण
एकीत सुलटी शिरते, एकीत उलटी,
आणि दोघी मिळून तिला गप्प करतात.
आयुष्यभर ती भणभण
शांत करत आलेला माणूस, त्याला काय सांगायचं.

माझ्या डोक्यात सात हजार होते.
पाच हजार सहाशेला त्यांनी पट्ट्यावर तळवा ठेवला.
बस. आधी बघू.
भांडायचं होतं, पण चिमटीला कापल्याची रेघ होती
आणि भूकही लागलेली.

संध्याकाळी फाधिलचा अॅम्प आला.
तळवा तारांवर दाबून मी खालचा बी मारला.
पत्रे हादरले, खिळ्यांचा डबा टेबलावरून चालू लागला,
पण सूर बसला नाही. उभा राहिला,
प्रत्येक ठोका वेगळा, कापलेल्या लोखंडासारखा.

बाबांनी खिशातून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला.
बेअरिंग तपासताना करतात तसंच,
टोक अॅम्पच्या खोक्यावर,
मूठ कानामागच्या हाडावर.
डोळे मिटले.
पुन्हा.
मी पुन्हा मारला.
पुन्हा.
फाधिल कांड्या हातात धरून नुसता बघत होता.

बऱ्याच वेळाने मूठ खाली आली.
मेण अजून ओतलं नव्हतं. मला वाटलं होतं, विसरले.

अजून दोनशे बसतील, म्हणाले.
जास्त नाही.